पावशेर आणि नवटाक कोणाकडे राहतील

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त वजनमापे निरीक्षक, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे ज्यांना गेली पाच वर्षे वाटत आले आहे, त्यांच्या समाधानासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर माणसांचे आहेत, प्राण्यांचे नव्हेत. मला कोणी धाक घातलेला नाही, भुरळ पाडलेली नाही, आणि मरायची मला मुळीच घाई नाही. उलट आज इतका हुरूप आला आहे की सकाळचा चहाही मी उभ्यानेच घेतला. ज्या एका प्रश्नाने माझी झोप उडवली होती तो परवा दुपारी माझ्याच फाटकात सुटला. तो पुन्हा गुंतण्याआधी कागदावर यावा म्हणून ही लगबग.

यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांचे तुकडे करून ते पावशेरच्या उकरायच्या पेटीत घातले आहेत. कोणाला पुरावा हवा असल्यास त्याने पेटीत हात घालावा.

माणसांची पूर्ण नावे, पत्ते आणि सरकारी क्रमांक वकीलसाहेबांनी वेगळ्या पानावर टंकून जोडले आहेत. इथे मी ज्याला घरात जी हाक मारते तीच लिहिते, म्हणजे वाचताना कोणाला शंका राहणार नाही की ही मीच बोलते आहे.

कलम १. प्रश्न काय होता.

माझ्या घरात दोन डुकरे आहेत. नर तो पावशेर आणि मादी ती नवटाक. जुन्या मापांत नवटाक म्हणजे पावशेरच्या निम्मे. ही नावे ठेवली तेव्हा दोघे माझ्या स्वयंपाकघरातल्या तराजूच्या एकाच पारड्यात मावत होते आणि वर थोडी जागा उरत होती. आज पावशेर माझ्यापेक्षा जड आहे, आणि नवटाक त्या मानाने सभ्यतेने वाढली आहे; ती माझ्या मुलीहून सडपातळ आहे, पण हे मुलीच्या तोंडावर म्हणता येणार नाही.

दोघांचे वय पाच. नीट सांभाळलेले असे डुक्कर पंधरा वर्षे सहज जगते, कधी त्याहून जास्त. माझे वय वर लिहिलेच आहे. वजाबाकी कोणालाही करता येईल. मी गेल्यावर ही दोघे उरणार, आणि कोणाकडे उरणार, एवढाच प्रश्न. घर, ठेवी, भांडीकुंडी यांची मला कधी काळजी नव्हती. त्यांना घ्यायला माणसे रांग लावतात.

कलम २. ती माझ्याकडे कशी आली.

हे लिहिणे कायद्याने गरजेचे नाही असे वकीलसाहेब म्हणतात. मला गरजेचे वाटते, कारण लोक म्हणतात म्हातारी फसली. फसली, पण कशी ते बरोबर सांगा.

पाळीव प्राण्यांच्या एका प्रदर्शनात एक व्यापारी टोपलीत पिल्ले घेऊन बसला होता. वर पाटी: कायम लहान राहणारी डुकरे. नोकरीत मी जन्मभर खोटी मापे पकडली. पाटी वाचली आणि माझे नाक फुगले. याला आज पकडायचाच म्हणून मी पुढे झाले.

"मोठी होत नाहीत कशावरून?"

"आईबाप बघा ना, बाई. समोर आहेत. खोटं बोलायचं कामच नाही."

खरोखरच समोर आईबाप होते. मांजराएवढे. मी पर्समधून माझा स्वतःचा ताणकाटा काढला, त्यांना झोळीत घालून तोलले. व्यापाऱ्याने जे वजन सांगितले होते ते तंतोतंत निघाले. माझा रागच उतरला. माणूस खरा निघाला की मला नेहमीच जरा शरमल्यासारखे होते, आणि त्या शरमेत मी दोन पिल्ले विकत घेतली.

वजन पाहिले, वय विचारले नाही. ते आईबाप स्वतःच पोरवयातले होते. डुकरांना फार लवकर पिल्ले होतात आणि त्यानंतरही ती चांगली चार वर्षे वाढत राहतात. म्हणजे वजन खरे, माप खरे, आणि माल सगळा खोटा. तीस वर्षांच्या नोकरीत इतकी देखणी लबाडी मी पाहिली नव्हती. त्या व्यापाऱ्याला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. मात्र तो कुठे भेटला तर त्याला सांगावे की मी त्याला मानते.

जाताना त्याने बजावले होते, "रोज एकच चमचा घाला. जास्त घातलंत तर माझी जबाबदारी नाही." मी आठवडाभर चमचा पाळला. मग प्राण्यांचे डॉक्टर घरी आले. त्यांनी नवटाकच्या फासळ्यांवरून बोट फिरवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, ही लहान राहत नाहीत हो. उपाशी राहतात."

त्याच दुपारपासून माझ्या घरात पुरे माप सुरू झाले.

कलम ३. घर.

तळमजल्याच्या तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागची फरशीची आणि पुढची मातीची मोकळी जागा, लोखंडी फाटकासह. हे घर मी आणि आमचे हे, दोघांच्या पगारातून उभे राहिले. आता एकट्या माझ्या नावावर आहे. कोणाला मिळेल ते कलम ८ मध्ये लिहिते. मधली पाने उलटून तिकडे धाव घेणाऱ्याने आपण कोण आहोत ते आपल्यापाशीच ओळखावे.

कलम ४. ठेवी आणि दागिने.

बँकेतल्या ठेवी मुलगा आणि मुलगी यांना समसमान. कोणाला एक कवडी जास्त नाही. मी तराजूवाली बाई आहे. पुढच्या कलमांत मुलाबद्दल जे येणार आहे त्याचा भार या पारड्यात पडू देणार नाही. दागिने मुलीला. नात्यातल्या ज्या बायकांनी माझ्या बांगड्यांची चौकशी दुसऱ्यांकडे केली त्यांनी तिच्याकडे करावी.

कलम ५. पितळी वजनांची पेटी व इतर हत्यारे.

निवृत्तीच्या वेळी कचेरीने मोडीत काढलेली मखमली खणांची पेटी मी विकत घेतली. ती मुलीला. तराजूही तिलाच; तिला वस्तूंची जपणूक येते, माप येत नाही, तर निदान वस्तू जपल्या जातील.

त्या पेटीतले अर्ध्या किलोचे वजन मात्र काढून कोपऱ्यावरच्या वाण्याला द्यावे. याच्या पारड्याखाली मी लोहचुंबक पकडले होते. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत तो मला वाकून नमस्कार करत असे. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मान ताठ झाली. पुढे डुकरांच्या दुर्गंधीबद्दल नगरपालिकेला अर्ज त्यानेच केला. आलेला अधिकारी भला होता. त्याने माझ्या घरात खोलीखोलीत नाक फिरवले, नवटाकच्या अंगाला लावलेल्या तेलाचा वास घेतला, चहा घेतला, आणि बाहेर पडताना वाण्याच्या गटारापाशी थबकून वहीत काहीतरी लिहिले. तरी त्या दुकानात एक तरी वस्तू खऱ्या वजनाची असावी अशी माझी इच्छा आहे.

प्राण्यांच्या डॉक्टरांना मी काही देत नाही. ज्याला लाभ मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही असे वकीलसाहेब म्हणाले, आणि डॉक्टरांची सही मला जास्त उपयोगाची आहे. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

कलम ६. फ्रिज.

इथून पुढे माझा हात भरभर चालेल. अक्षर लागले नाही तर वकीलसाहेबांना विचारावे.

पावशेर दोन वर्षांचा असताना फ्रिज उघडायला शिकला. दाराच्या रबरात नाकाचा शेंडा घालून उचलायचा की झाले. आठवड्याची भाजी एका दुपारी संपली. मी पट्टा बांधला, त्याने चावला. खुर्ची लावली, दोघांनी मिळून सरकवली. शेवटी कुलूप लागणार हे दिसू लागले, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. आमच्या भागात कुलपाकिल्ल्यांचे दुकान एकच, आणि ते माझ्या सुनेचे. म्हणजे पूर्वीच्या सुनेचे; आता मी तिला किल्लीवाली म्हणते. माझ्या मुलाचा आणि तिचा संसार तीन वर्षे चालला. तिच्या हातांना तेलाचा आणि लोखंडाचा वास येतो अशी त्याची तक्रार होती. मोडला तेव्हा दोष कोणाचा किती ते मी तोलले नाही, कारण दोघांपैकी कोणी तो माझ्यासमोर मांडला नाही. त्यानंतर मी तिच्या दुकानावरून जात असे, आत जात नसे.

त्या दिवशी गेले. ती कानशीने किल्ली घासत होती. मान वर न करता म्हणाली, "बोला."

"फ्रिजला कुलूप हवंय."

"कोण उघडतं?"

"पावशेर."

"किती वर्षांचं पोर आहे?"

"डुक्कर आहे."

आता तिने मान वर केली. हसली नाही. पिशवी उचलली, दुकानाचे दार ओढले आणि म्हणाली, "दाखवा."

तिने एक साधी कडी बसवली. मी पैसे काढू लागले तर म्हणाली, "थांबा, आधी त्याला विचारू." फ्रिजमध्ये एक गाजर ठेवले, दार लावले आणि स्वतः फरशीवर मांडी घालून बसली. पावशेरने कडी नाकाने वर ढकलली, दार उघडले, गाजर खाल्ले. तिने दुसरी, फिरकीची कडी काढली. त्यालाही फार वेळ लागला नाही. ती पुन्हा बसली. चौथ्या गाजराला म्हणाली, "हा नाकाने उघडत नाही."

"मग कशाने?"

"कानाने. कडी सुटताना खट्ट होतं ना, ते ऐकतो. तोवर नुसतं चाचपतो. खट्ट झालं की ओढतो."

मी त्या डुकराबरोबर दोन वर्षे राहत होते. माझ्या हे ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती दोनदा खट्ट वाजणारी कडी घेऊन आली. पहिला आवाज खोटा. पावशेर पहिल्या आवाजाला ओढायचा, दार जागचे हलायचे नाही, आणि तो चक्रावून तिच्याकडे बघायचा. तिला इतका आनंद झाला की ती आमच्या ओट्यावर थाप मारून म्हणाली, "काय राव, आता?" आठ दिवसांनी मीच तिला फोन केला. "उघडलं."

"कोणी?"

"दोघांनी. नवटाक कडी दाबून धरते, हा ओढतो."

फोनवर कानशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "येते."

तेव्हापासून तीन वर्षे हा सामना चालू आहे. आत्ता बसवलेली कडी अकरावी की बारावी, तिलाच ठाऊक. तिने माझ्याकडून कधी दहा गाजरांहून जास्त काही घेतले नाही, आणि तीही तिने खाल्ली नाहीत. मला काय म्हणावे ते तिचे अजून ठरलेले नाही. आई म्हणायची सवय मोडली, बाई म्हणवत नाही, म्हणून "अहो" म्हणते.

एकदा नखे कापताना नवटाकचा पाय धरून बसली होती, तेव्हा आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ह्या दोघांना कधी वेगळं करू नका हं. एकेकटी राहिली तर दोघंही मठ्ठ होतील."

कलम ७. दोन तपासण्या.

तरीही वारसाच्या यादीत ती नव्हती. मोडलेल्या लग्नाची सून यादीत घालायची पद्धत नाही, आणि पद्धत नाही म्हणून माझ्या मनातच आले नाही. माझ्यापुढे दोनच नावे होती: मुलगी आणि मुलगा. दोघेही म्हणत, "आई, काळजी करू नकोस, आम्ही आहोत ना." दुकानदारही असेच म्हणतात. म्हणून मी नोकरीतल्यासारखी तपासणी ठरवली. आठवडाभर परगावी जाते असे सांगायचे, आणि मध्येच न कळवता परतायचे.

आधी मुलगी येऊन राहिली. तिचा जीव आहे या प्राण्यांवर, यात शंका नाही. तिसऱ्या दिवशी मी दार उघडले तर मुलगी जेवणाच्या टेबलावर पाय वर घेऊन बसलेली, खाली पावशेर, आणि केकचे रिकामे खोके नवटाकच्या डोक्यात अडकलेले.

"आई, हा मला खाली उतरू देत नाही गं."

"कधीपासून?"

"मालिका सुरू झाली तेव्हापासून. आता दुसरी पण संपली."

डुक्कर माणसाला डोक्याने झटका देऊन बघते, तुम्ही मागे सरता का म्हणून. मागे सरलात की घर त्याचे. त्याच्या खांद्यावर सरळ चालून जायचे आणि त्यालाच दोन पावले सरकवायचे, मारायचे नाही, ओरडायचे नाही. हे मी तिला दहादा सांगितले होते. ती म्हणाली, "मला त्याच्यावर चालून जाववत नाही, बिचारा तो." माया भरपूर, धाक शून्य. वर्षभरात लाडाच्या खाण्याने दोघांचे सांधे जातील आणि मुलगी टेबलावरच राहायला जाईल. मी तिला कुरवाळले आणि घरी पाठवले.

परवाची तपासणी मुलाची. चौथ्या दिवशी दुपारी माझी टॅक्सी गल्लीत वळली तेव्हाच किंकाळी ऐकू आली. डुक्कर उचलले की जी किंकाळी फोडते ती ज्याने ऐकली नाही त्याला सांगून उपयोग नाही. आगीचा बंब त्यापुढे कुजबुजतो. अर्धी गल्ली बाहेर उभी होती. फाटकाच्या आत एक मालवाहू गाडी, तिला फळी लावलेली. एक मळेवाला नवटाकला कवेत धरून फळीवर चढवायला बघत होता. पावशेर दोरीने नळाला बांधलेला. खिडकीतून दिसले, घरात एक कंत्राटदार फीत घेऊन माझ्या झोपायच्या खोलीची रुंदी मोजत होता. आणि फाटकाला बाहेरून एक भलेमोठे कुलूप. त्या कुलपाला पाठ लावून, हात बांधून, किल्लीवाली उभी होती.

मुलगा आतून गजांना धरून बोलत होता. "किल्ली दे."

"नाही."

"हा आमच्या घरचा विषय आहे. तुझा काय संबंध?"

"घराचा नसेल. कुलूप माझं आहे. कुलपाचा आहे."

"मी पोलीस बोलावीन."

"बोलाव. त्यांच्या चौकीचं कुलूप पण मीच बसवलंय."

मी टॅक्सीतून उतरले. मला पाहून मुलाचा चेहरा क्षणभर लहानपणीच्यासारखा झाला, मग लगेच मोठा झाला. म्हणाला, "आई, मी व्यवहाराचं बघत होतो. तू सत्तरी ओलांडलीस. उद्या तुला काही झालं तर ह्यांचं काय? ह्या गृहस्थांचा मळा आहे. मोकळं रान आहे. ह्यांच्यासारखी तिथे आणखी आहेत."

प्रश्न बरोबर होता. माझाच होता. म्हणून मी त्याच्यावर ओरडले नाही. मळेवाल्याकडे वळले. "आधी तिला खाली ठेवा." त्याने ठेवले. "मागच्या वर्षी या दिवसांत तुमच्याकडे किती डुकरं होती?"

"असतील पंचवीस-तीस."

"त्यांतली आज किती आहेत?"

त्याने मुलाकडे बघितले. मग फळी काढून गाडीत टाकायला लागला. मुलाला ठाऊक होते की नव्हते ते मी विचारले नाही. उत्तर काहीही आले असते तरी मला ते ठेवायला घरात जागा नव्हती.

किल्लीवालीने कुलूप काढले, गाडी गेली, कंत्राटदार गेला. मुलगा शेवटी गेला. फाटकात थांबून म्हणाला, "म्हणजे माझ्यापेक्षा डुकरं जवळची."

मी म्हटले, "ठेवीत तुझा निम्मा वाटा आहे. तो कमी होणार नाही. घरी जा, पाणी पी."

मग मी तिला विचारले, "तू कशी आलीस?"

"दुकानात ऐकू आलं. नवटाक ओरडली."

"पावशेर असेल असं नाही वाटलं?"

ती माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मी काहीतरी वेड्यासारखे विचारले आहे. "तो असा ओरडत नाही. तो आधी फुरफुरतो."

मी तिथेच, फाटकात, लोक अजून पांगले नव्हते तेव्हा, विचारले. "माझ्यामागे ह्यांना ठेवशील?"

आत्तापर्यंत ज्याला ज्याला विचारले तो लगेच हो म्हणाला. ती म्हणाली नाही. नवटाक येऊन तिच्या पायावर आडवी झाली, पोट चोळून घ्यायला, तरी ती विचारच करत होती. मग म्हणाली, "आणि मी यांच्याआधी गेले तर? त्याचं काय ठरवायचं?"

हे मला आजवर कोणी विचारले नव्हते. मला वाटले, गल्लीत उभे राहून टाळ्या वाजवाव्यात. वाजवल्या नाहीत. पण रात्रभर उकळत्या किटलीसारखी वाफ येत राहिली हे खरे.

कलम ८. पावशेर, नवटाक आणि घर.

कायद्याच्या भाषेत डुकरे ही जंगम मालमत्ता. ती दोन्ही, एकत्र, कधीही न विलगता, मी किल्लीवालीला देते. आणि कलम ३ मधले संपूर्ण घर मी तिलाच देते, कायमचे, तिच्या मालकीचे. ती राहते ती दुकानावरची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि डुकराला जिना चढवत नाही, पाय मोडतात. घर डुकरांमागे जाते, सुनेमागे नव्हे. ती यांच्याआधी गेली तर काय, हे तिने आपल्या मृत्युपत्रात ठरवावे; प्रश्न तिनेच काढला आहे. नात्यातल्यांनी यावर जी चर्चा करायची ती करावी.

वकीलसाहेबांनी सुचवले होते की डुकरे जिवंत आहेत तोवर तिला राहू द्यावे, डुकरे गेली की घर मुलामुलीकडे यावे. "सगळ्यांना न्याय मिळतो, बाई."

मी म्हटले, "म्हणजे डुकरं मेली की कोणाला तरी घर मिळणार?"

"हो. तसंच."

"साहेब, ज्याच्या मरणाने दुसऱ्याचा फायदा होतो त्याला उगाच कोणी गाजर देत नाही. ते कापा."

त्यांनी कापले.

कलम ९. सांभाळण्याबद्दल सूचना.

तिला यांतले बहुतेक ठाऊक आहे. तरी लिहिते.

फरशीवर सतरंज्या कायम असाव्यात. गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय फाकतात. खाणे मापाने, दोन वेळा, आणि हातातून कधीही नाही. मीठ नको. पाणी सतत. पावशेरचे सुळे वाढले की डॉक्टर, घरगुती प्रयोग नको. उन्हात त्यांची कातडी भाजते, म्हणून पुढच्या मोकळ्या जागेत सावलीचा चिखल ठेवावा. उकरायच्या पेटीत गोटे आणि त्यांच्यात लपवलेले दाणे; डुकराच्या नाकाला काम नसेल तर ते तुमच्या भिंतीत काम काढते. थंडीत पांघरुणे मोजू नयेत. नवटाक रुसली तर समजूत घालायला जाऊ नये, शेजारी बसून दुसरेच काही करावे. ती येते.

फ्रिजच्या दाराची कडी दर महिन्याला बदलावी असे मी म्हणणार होते, पण यात मी बोलू नये.

कलम १०. तपासणी.

~~प्राण्यांचे डॉक्टर वर्षातून एकदा न कळवता घरी येतील व दोन्ही डुकरांचे वजन, नखे, दात व मुक्काम तपासतील. हयगय आढळल्यास कलम ८ मधली देणगी रद्द होऊन घर मुलगा व मुलगी यांना समान मिळेल.~~

वरच्या दोन ओळी मी खोडल्या आहेत. का खोडल्या ते लिहिते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल घाईत पेन घसरले.

काल संध्याकाळी मी तिला हा मसुदा वाचायला दिला. ती फ्रिजपाशी फरशीवर बसून वाचत होती. घराच्या कलमाशी थांबली, ते दोनदा वाचले, माझ्याकडे बघितले नाही. मग या कलमाशी आली.

"अहो, हे दहावं कोणासाठी आहे?"

"तुझ्यासाठी."

मी तयारीत होते. नोकरीत मी "तपासणी" असा शब्द उच्चारला की लोकांचे काय काय होते ते मी पुरेपूर पाहिले आहे. कोणी चिडतो, कोणी रडतो, कोणी खुर्ची पुसून देतो, कोणी म्हणतो एवढा अविश्वास?

ती म्हणाली, "बरं. पण वर्षातून एकदा कमी होतं. नखं दोन महिन्यांत वाढतात." कागद माझ्याकडे दिला आणि पुन्हा कडीत तेल सोडायला वाकली. पावशेर तिच्या खांद्यावरून आत डोकावत होता. तिने न बघता त्याला कोपराने दोन पावले मागे सरकवले, आणि तो सरकला.

आज सकाळी वकीलसाहेब आले. त्यांना मी म्हटले, हे कलम काढायचे आहे.

"बाई, मग तिने उद्या डुकरं विकली तर कोण विचारणार?"

"कोणी नाही."

"काही तरी अट हवी. एखादी साधी तरी. तुम्ही तर जन्मभर—"

"हो," मी म्हटले. "जन्मभर. आता पुरे. पेन द्या."

सदर मृत्युपत्र मी वाचले, मला समजले, आणि मला हवे तसेच झाले आहे. यात एकही शब्द कोणी माझ्या तोंडी घातलेला नाही. एक कलम खोडले आहे, त्याशेजारी माझी आद्याक्षरे आहेत.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर.
दिनांक: परवाच्या गोंधळानंतरचा दुसरा दिवस, आकड्यांतली तारीख वकीलसाहेबांनी शिक्क्याखाली घातली आहे.

सही: (निवृत्त वजनमापे निरीक्षक)

आम्ही खालील दोघे साक्षीदार, बाईंनी आमच्यासमोर सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही. सही होत असताना किल्लीवाली या खोलीत नव्हत्या. वकीलसाहेबांनी त्यांना मागच्या अंगणात थांबायला सांगितले होते. कलम १० बाईंनी आमच्यादेखत स्वतः खोडले. त्या वेळी त्यांचा हात स्थिर होता.

१. सही: प्राण्यांचे डॉक्टर

२. सही: गल्लीच्या तोंडावरच्या बेकरीच्या मालकीणबाई. (मी डुकरांच्या बाजूची नाही. बाईंच्या बाजूची आहे. हे लिहू का, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, खरे असेल तर लिहा.)